निदान एक तरी

पडद्यावरचं प्रत्येक अक्षर एका दिवसाचं होतं. आईने ओळखलं तर 'ओ', नाही ओळखलं तर 'न'. तपासणी प्रयोगशाळेतली नोंदणीची कारकून चार वर्षं रोज संध्याकाळी एकेक अक्षर टाकत आली होती; सलग, मध्ये जागा न सोडता.

शुश्रूषागृहात एक खाट रिकामी झाली होती आणि आईला तिथे ठेवायचं का, याचं दादाला आज पाचपर्यंत उत्तर हवं होतं. "अधूनमधून ओळखते रे ती मला," एवढ्यावर तिने त्याला वर्षभर टोलवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने शोधाच्या चौकटीत लिहिलं: न*ओ. न ओळखण्याचे कितीही दिवस आणि मग ओळख. आठशे बारा ठिकाणं पिवळी झाली.

"आठशे बारा वेळा परत आली आई!"

संगणक सांभाळणारे काका, ज्यांना सगळे प्रोफेसर म्हणत, डबा उघडा टाकून आले. "ताई, ही चांदणी फार उदार. कितीही म्हणजे शून्यसुद्धा! आधी एकही 'न' नसला तरी म्हणते, चालतंय की. अधिकचं चिन्ह घाला. त्याला निदान एक तरी लागतो."

न+ओ. एकसष्ट.

"एकसष्ट काय कमी आहेत?"

"कमी कोण म्हणतंय?"

कुठे एकाच 'न'नंतर ओळख, कुठे बावीस दिवसांनी. ते एवढंसं चिन्ह दोन्ही सारख्याच मायेने पोटात घेत होतं. ती थक्क होऊन बघत राहिली.

मग 'ओ' पुसून तिने नुसतं न+ शोधलं आणि अगदी तळाशी गेली. शेवटचा पिवळा पट्टा एक ओळ भरून दुसरीत उतरला होता. चौऱ्याण्णव दिवस. तिच्या हिशेबाने आईने शेवटचं ओळखल्याला फार तर महिना झाला होता. एकेक अक्षर टाकताना एवढी लांबी कधी नजरेत मावलीच नव्हती. जणू रोज पाऊलवाट चालणाऱ्याला कुणी एकदम डोंगरावर नेऊन उभं केलं होतं. पट्ट्यापुढे कोरी जागा होती.

प्रोफेसर खुर्ची ओढून बसले. "उद्या ओळखतीलही, ताई. ते या यंत्राला नाही कळत."

"माहितीये, काका." तिने फोन लावला.

"बोल गं," दादा म्हणाला. "पण आता परत उद्यावर ढकलू नकोस हं."

"नाही ढकलत. ती खाट घे, दादा. आईला मीच घेऊन येते."