सतरा नंबरच्या पंपाचं पाणी

शांत, मनमिळाऊ आणि आज्ञाधारक. मी! पांढरकवड्यात आमच्या गल्लीत कोणालेही विचारा, जहीर मिस्त्रीची फरहाना शांत आहे का म्हणून. लोक हसून हसून लोळतील.

कॉलेजच्या ऑफिसात, खिडकीपाशी मी थो कागद हातात घेऊन उभी होती अन् डोकं नुसतं भणभणून राह्यलं होतं. हे माझं शिफारसपत्र! बाहेर राज्यातल्या एका संस्थेत पाण्यावरच्या एम.एस्सी.चा अर्ज भरून राह्यली होती मी. जागा बारा. अर्जासोबत आपल्या सरचं सहीचं पत्र लागते, पोरीनं काय काम केलं थे सांगणारं. मुदत आज पाचपर्यंत, अन् वाजले होते तीन. चुकलं तर वर्ष गेलं. अन् आमची फुप्पी तर दर जुम्म्याले नवीन स्थळ घेऊन येते, थांबायचं नावच घेत नाही.

पत्रात पुढं होतं, ‘रांगोळी स्पर्धेत उत्साहाने सहभाग.’

“बाबूजी, मी जिंदगीत रांगोळी काढली नाही,” मी म्हटलं.

पुंडलिकराव या ऑफिसात वीस वर्षांपासून बाबू आहेत. त्यांनी मानही वर केली नाही. “पोरीइचं सगळ्याइचं हेच असते बेटा. मी नाव बदलवतो, प्रिंट मारतो, सर सही करते. आजवर कोणाची तक्रार नाही.”

“अन् पोट्ट्याइचं?”

“त्याइचं अलग.”

“दाखवा.”

“कायले?”

“दाखवा म्हटलं न!”

त्यांनी कुरकुरत स्क्रीन माझ्याकडे फिरवली. वर नाव अमरचं. अमर म्हणजे माझा प्रोजेक्टमधला जोडीदार. त्यानंही त्याच संस्थेत अर्ज केलता. अन् लिहिलं काय होतं? ‘झरी जामणी तालुक्यातील एकेचाळीस हातपंपांच्या पाण्याचे नमुने स्वतः गोळा करून फ्लोराइडचे प्रमाण मोजले. स्वतंत्र विचार. नेतृत्वगुण.’

का बाप्पा! एकेचाळीस पंप! माझे अब्बू पंचायत समितीचे हातपंप दुरुस्त करतात. दोन उन्हाळे मी त्यांच्या गाडीवर मागं बसून कोलामांच्या पोडापोडावर, वस्तीवस्तीवर हिंडली. अब्बू पंप खोलत, मी बाटल्या भरी. फ्लोराइडच्या पाण्यानं दात पिवळे पडलेले लेकरं पाह्यले, चाळिशीतच गुडघे आखडलेल्या बाया पाह्यल्या. मग लॅबमध्ये एकेक बाटली मोजली. अमर आला एक दिवस. पंपाचा दांडा धरून फोटो काढला अन् ऊन लागते म्हणून गेला. आता म्हणे त्यानं गोळा केले! अन् मी काय केलं? रांगोळी!

मी दार न वाजवताच आमच्या प्रोजेक्टच्या सरच्या केबिनमध्ये घुसली. नमुन्यांचं रजिस्टर टेबलावर आपटलं. बॅगमधली बाटलीही बाहेर आली, अब्बूनं कालच आणलेली, लॅबमध्ये द्यायची होती.

“सर, तुम्ही सही करायच्या आधी हे पत्र वाचलं का?”

सर नुकतेच वर्गावरून आलते. घाम पुसत म्हणाले, “मुलीच्या पत्रात हेच शोभते बेटा. शांत आहे म्हटलं की होस्टेलवाल्यांनाही बरं वाटते.”

“मले होस्टेलमध्ये सून म्हणून पाठवून राह्यले का तुम्ही?”

“अमरनं मुद्दे लिहून आणून दिले. तू काहून नाही दिले?”

“मले कोणी मागतले? तुम्ही तर म्हटलं, ऑफिसातून घेऊन जा.”

“एवढा राग बरा नाही,” सर म्हणाले, अन् बोलता बोलता त्यांनी माझी बाटली उचलली, टोपण काढलं.

“नका पिऊ सर. सतरा नंबरच्या पंपाचं आहे.”

सरचा हात तिथंच थांबला. त्यांनी टोपण लावून बाटली दूर सरकवली.

“काहून?” मी म्हटलं. “पाणी तर साफ दिसते.”

“त्या पंपात फ्लोराइड चारच्या वर आहे. दीडच्या वर चालत नाही.”

“कोणं मोजलं?”

सरनं रजिस्टर उघडून सतरा नंबरची ओळ पाह्यली. वर पंखा घरघर करत होता.

“तूच मोजलं ना,” ते शेवटी हळूच म्हणाले.

“मग थे लिहा न! घशाखाली उतरवायचं असलं की माझं मोजलेलं खरं, अन् कागदावर मात्र रांगोळी?” रडू येऊन राह्यलं होतं, पण त्या टेबलासमोर रडीन तर माझं नाव फरहाना नाही.

सरनं पुंडलिकरावांना बोलावलं. ते दोन बोटांनी टायपायचे, मी घड्याळ पाहायची. अमरचं पत्र कालच ऑनलाइन चढलं होतं, ते आता कोणी परत आणू शकत नव्हतं. सरनं सांगतलं, “लिहा, नमुने मुख्यतः हिनेच घेतले.” मी म्हटलं, मुख्यतः खोडा. सर म्हणाले, वाद होईल. मी म्हटलं, होऊ द्या. त्यांनी माझ्याकडे पाह्यलं, मग बाटलीकडे, अन् खोडलं.

चार चाळीसले पत्र चढलं. बाबूजी म्हणाले, सरचे आभार मान. कायचे आभार? माझंच काम मले परत देल्लं त्याचे?

बाटली बॅगमध्ये टाकून मी निघाली. ऑफिसच्या खिडकीपाशी वैष्णवी उभी होती, मागच्या वर्षी पास झालेली, नाशिकच्या कॉलेजले अर्ज करणारी. पिकांवरच्या अळीवर तिनं वर्षभर राबून काम केलं, माझ्या डोळ्यांसमोर.

“पूर्ण नाव सांग बेटा,” पुंडलिकराव परत आपल्या जागेवर बसून म्हणत होते.

तिनं खाली मान घालून नाव सांगतलं. आत प्रिंटर खरखरला, तीच रांगोळी छापत.

मी पायरीवरून परत फिरली. बॅगेतून बाटली काढली, तिच्या हातात देल्ली अन् म्हटलं, “चाल, सरकडे जाऊ. त्यांना तहान लागली असेल.”