मी फुटलो तेव्हा अक्काचा पाय आत होता

मी चेंडू बोलतोय. क्रिकेटवाला समजू नका, त्याला मैदान लागतं, हजारो माणसं लागतात. मी स्क्वॉशचा. बंद खोलीत दोन माणसं घाम गाळत ज्याला समोरच्या भिंतीवर बडवतात, तो मी. काळा कुळकुळीत, बाळाच्या मुठीत मावेल एवढा. पण बाळाच्या हातात देऊ नका हं, सरळ तोंडात घालतं.

माझ्या कपाळावर दोन पिवळे ठिपके आहेत. लोकांना वाटतं नटलोय. तसं नाही. दोन ठिपके म्हणजे आमच्यातली सगळ्यात आळशी जात. थंड असलो की मी उडतच नाही, कणकेच्या गोळ्यासारखा पडेन तिथे बसतो. पाच मिनिटं नीट मार खाल्ला की अंग तापतं, आणि मग मात्र मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

कारखान्यात मला साच्यात दाबलं, भाजलं, घासलं आणि डबीत बसवलं. डबीत किती दिवस होतो कोण जाणे. उघडलं तेव्हा मलेशियातल्या इपोहच्या क्लबातला गोंगाट कानावर आला आणि मला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे!

लग्न नव्हतं, वार्षिक स्पर्धा होती. इथे खेळणारे कुणी मोठे खेळाडू नव्हेत. दात काढणारी, मुलांना शिकवणारी, बँकेत बसणारी माणसं. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. सगळे एकमेकांना सांगत होते, "आज मी हलकंच खाणार बाबा, मॅच आहे," आणि सांगता सांगता नासी लमाकची, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताची, दुसरी पुडी सोडत होते. हरलेला माणूस बाहेर आला की आधी रॅकेटच्या तारा दाबून बघायचा, जसा काही सगळा दोष तारांचाच. मग कुणीतरी त्याच्या हातात गरम तेह तारिकचा, फेसाळ दुधाच्या चहाचा, पेला द्यायचं आणि तोही हसायला लागायचा. मला तर पहिल्या तासातच ही माणसं आवडून गेली.

या क्लबाचा एक कडक रिवाज आहे. जो हरेल त्याने पुढच्या मॅचला पंच व्हायचं. घाम पुसायचा, काचेच्या मागच्या उंच खुर्चीवर चढायचं आणि गुण मोजायचे. सुटका नाही.

या रिवाजामुळेच तिलगाअक्का क्लबातली सगळ्यात चांगली पंच झाली होती.

तिचं पूर्ण नाव तिलगवती. शाळेत भूगोल शिकवते, वय बेचाळीस, अंगाने भरलेली, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा पेंगणारा पोरगाही दचकावा. आठ वर्षं ती नेमाने स्पर्धेत नाव देत होती आणि आठ वर्षं नेमाने पहिल्याच फेरीत हरत होती. हरली की खुर्चीवर. नियमांचं पुस्तक तिला तोंडपाठ. दुसऱ्या कोर्टावर भांडण झालं तरी माणसं धावत तिच्याकडे यायची, "अक्का, हे कसं धरायचं?"

भिंतीवर मोठा फळा होता. डावीकडे पहिल्या फेरीतली नावं, जिंकेल त्याचं नाव उजवीकडच्या रकान्यात. अक्काचं नाव आठ वर्षांत एकदाही त्या उजव्या रकान्यात गेलं नव्हतं. तिला करंडक नको होता. तिला फक्त ती एक रेघ ओलांडायची होती. मॅचच्या आधी मला हातात धरून ती फळ्यासमोर उभी होती. बोटं गार पडली होती बिचारीची.

"ह्या वर्षी नाव थेट पंचांच्या यादीतच द्यायचंस की," तिचा नवरा शिवनेसन म्हणाला. "तेवढीच धावपळ वाचली असती."

"तुम्ही करी पफ खा आणि गप्प बसा."

"खातोच आहे. तुझी मॅच असली की मला भूक फार लागते."

समोर होती लाई सिऊ पेंग, औषधाच्या दुकानात काम करणारी सव्वीस वर्षांची पोरगी. लाई हे तिचं आडनाव, पंच त्याच नावाने पुकारतात. चपळ, आणि मारायची अशी की माझे डोळे पांढरे व्हायचे. पंचाच्या खुर्चीवर पाकचिक हमदान, म्हणजे आपले हमदानकाका. हे म्हातारे गृहस्थ दर वर्षी हमखास अंतिम सामन्यापर्यंत पोचायचे, तिथे हरले तरी पुढे मॅचच नसायची, म्हणून त्यांनी आयुष्यात कधी पंचगिरी केली नव्हती. ह्या वर्षी गुडघ्याने दगा दिला, हरले, आणि रिवाजाप्रमाणे खुर्चीवर चढवले गेले. हातात कागद-पेन्सिल दिली गेली.

"पाकचिक, पेन्सिल उलटी धरलीय तुम्ही," अक्काने आतूनच सांगितलं.

खेळ सुरू झाला आणि काय सांगू, मला तर चक्करच आली! पेंग मला तोफेसारखी हाणायची, अक्का मला हळूच उंच उडवून कोपऱ्यात नेऊन ठेवायची, झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसं. तीन गेम जिंकेल ती मॅच जिंकणार होती. दोन पेंगने घेतले, दोन अक्काने. पाचव्यात अकरा गुण व्हायला हवेत, तेही दोनच्या फरकाने. आणि बघता बघता गुण असे झाले: अक्का दहा, पेंग नऊ!

काचेच्या मागे सगळा क्लब जमला. शिवनेसनच्या हातातला करी पफ तोंडाशी जाऊन थांबला.

पेंगने मला समोरच्या भिंतीशी अगदी अलगद टाकलं. मी एक टप्पा खाल्ला. दुसरा टप्पा पडायच्या आत मला उचललं नाही तर गुण गेला, असा आमचा नियम. अक्का आपलं सगळं वजन घेऊन झेपावली, रॅकेट माझ्याखाली सरकवली आणि मला उचललं. मी भिंतीला लागून थेट कोपऱ्यात शिरलो. पेंग पोहोचलीच नाही.

बाहेर आरडाओरडा! पण पेंगने हात वर केला. "पाकचिक, दोन टप्पे पडले का हो? मला नीट दिसलं नाही."

पाकचिकच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग आठ वर्षं अख्खा क्लब करत आला तेच केलं. "अक्का, तुम्हीच सांगा! काय धरायचं?"

आणि अक्का, आठ वर्षांची सवय ती, बोलून गेली, अगदी खणखणीत पंचाच्या आवाजात, "दोन टप्पे! गुण लाईचा! दहा-दहा!"

म्हणाली, आणि स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"अगं बये!" शिवनेसन काचेला चिकटला. "तू कुणाकडून खेळतेयस?"

क्लब हसून हसून लोळला. मी मात्र आतल्या आत ओरडत होतो. एकच टप्पा! बायांनो, एकच! मला माहीत नसेल तर कुणाला? पण चेंडूला तोंड कुठे असतं! अक्का शंका आली की गुण दुसऱ्याला देणारी, स्वतःला कशी सोडेल?

पुढचा गुण पेंगने घेतला. अकरा-दहा. आता एक गेला की संपलं. लांब रॅली झाली. पेंगने दात-ओठ खाऊन मला मारलं, इतक्या जोरात की माझ्या बरगडीतून बारीकशी कळ गेली. मी मागच्या कोपऱ्यात पडलो आणि उडालोच नाही. अक्काची रॅकेट हवेत फिरली.

"गेम! मॅच लाई!" पाकचिक सुटकेचा श्वास टाकून ओरडले.

टाळ्या झाल्या. दोघींनी हात मिळवले. पेंग म्हणाली, "छान खेळलात अक्का." हे वाक्य अक्काने आठ वर्षांत आठ वेळा ऐकलं होतं. ती हसली, पण डोळे भरून आले होते, मी बघितलं. तिने मला कोपऱ्यातून उचललं, पुढच्या जोडीला द्यायला. एक पाय दाराबाहेर टाकला. आता तिला वर चढून पंच व्हायचं होतं ना. पंच म्हटला की चेंडू दाबून तपासायचा. चालता चालता तिने अंगठ्याने मला दाबलं.

आणि मी "फुस्स" केलं.

अक्का जागच्या जागी थांबली. एक पाय आत, एक बाहेर, अशी दारात.

"पाकचिक!" ती ओरडली. "माझा पाय आत आहे! बघून ठेवा! आत आहे!"

"आहे बाई, दिसतोय. मग?"

"बॉल फुटलाय. कोर्टाबाहेर जायच्या आत सांगितलं तर शेवटची रॅली पुन्हा खेळायची. नियम आहे."

पाकचिक घाबरून पुस्तक चाळायला लागले, तेही उलटं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "हरल्यावर बरे नियम आठवतात!" अक्काचा चेहरा पडला. पाय मात्र तिने हलवला नाही.

पेंगने मला हातात घेतलं, दाबलं. मी पुन्हा फुस्स. तिने त्या कुजबुजणाऱ्याकडे वळून पाहिलं. "मगाशी हातातली मॅच ह्याच बाईने मला उचलून दिली. ती म्हणते नियम आहे, तर आहे. अक्का, या आत. दुसरा पाय पण आणा."

मला अक्काने खिशात टाकलं. पुढचं सगळं मी तिच्या मांडीवर आपटत आपटत ऐकलं. नवा चेंडू आला. माझाच भाऊ, पण थंडगार आणि हट्टी. दोघींनी त्याला थोडं बडवलं, तरी तो काही नीट तापला नाही. तो पेंगच्या जोराला भीक घालेना. ती मारायची आणि तो धप्पकन बसायचा. अक्काला तर तसाच हवा होता! हळूच इकडे, हळूच तिकडे. अकरा-अकरा. बारा-अकरा. शिवनेसन बाहेरून ओरडत होता, "पंचगिरी करू नकोस! तोंड मीट!" खरंच तिने ओठ घट्ट मिटले होते. मग एक अलगद ठोका, पेंग घसरली, बसकण मारली, आणि बसल्या बसल्याच टाळ्या वाजवायला लागली.

तेरा-अकरा!

काय तो गोंधळ! कुणी अक्काला मिठी मारली, कुणी शिवनेसनला. पाकचिक खुर्चीवरून उतरताना म्हणाले, "मला आता पंच करायचं असेल तर आधी डॉक्टर बोलवा." अक्का सवयीने खुर्चीकडे निघाली तर पेंगने तिला मागे ओढलं. "अहो, कुठे? ती जागा माझी. हरलेय मी!" मग जिंकलेल्या माणसाने करायचं काय, हेच अक्काला कळेना. ती पाच मिनिटं नुसती रॅकेट घेऊन फिरली. शेवटी फळ्याकडे गेली आणि रेघेपलीकडे स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. भूगोलाच्या बाई, अक्षर मोत्यासारखं, पण त्या दिवशी "ति" वर चढली आणि "लगवती" खाली घसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या फेरीत ती पंधरा मिनिटांत हरली. अकरा-दोन, अकरा-एक, अकरा-तीन. बाहेर आली ती गाणं गुणगुणतच, आणि टुणकन खुर्चीवर चढली.

मी आता तिच्या घरी आहे. शिवनेसनने मला सुरीने मधोमध कापलं आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे पुढचे दोन पाय माझ्या दोन अर्ध्या तुकड्यांवर टेकवले, ते फार उड्या मारायचं म्हणून. दुखलं नाही. पोरं, पाहुणे, शेजारी, कुणी आलं की अक्का त्यांना वाकायला लावून मला दाखवते. कुणालाही काही कळत नाही, सगळे "वा वा" म्हणतात.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आठ वेळा हरलेलं माणूस नवव्यांदा नाव द्यायला आलं तर हसा खुशाल, आम्हीही हसलो, पण यादीत नाव घ्या. पुढच्या स्पर्धेसाठी अक्काचं नाव कालच गेलं. आज तिचे पांढरे कपडे यंत्रात फिरताहेत. आता आवरतो मंडळी, कारण पिळायला सुरुवात झाली की मा-मा-माझं बो-बो-बोलणं असं-सं-सं होतं-तं-तं...