बाटलीत शिरलेले मासे

माशांवर प्रयोग करणाऱ्या कमिला सूकरामचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी तिला नदीतले मासे धरून देणाऱ्या एल्डिन पांतिनने उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता: 'मिस्टर पांतिन, पहिल्या वर्षीचे गप्पी मासे तुम्ही हातजाळीनेच धरले होते ना? या वर्षीचे निकाल जुळत नाहीत. धीट मासा खाणं ठेवलेलं लाल दार लवकर ओळखतो, हा पहिल्या वर्षीचा निष्कर्ष मी जूनमध्ये छापायला देणार आहे.'

जाळीने धरले नव्हते. गुडघे दुखत होते म्हणून त्याने अरिपो नदीत बाटलीचा सापळा लावला, आत पावाचा चुरा टाकला आणि वहीत 'हातजाळी' लिहिलं. बाटलीत आपणहून शिरतो तो मासा मुळातच धीट. भित्रे दगडांखाली राहिले. कमिलाच्या टाकीपर्यंत पोचलेच नाहीत.

आता मे निम्मा सरला होता. तो पत्र उघडायचा, घडी घालायचा, पुन्हा उघडायचा.

"पुन्हा तेच?" बहीण थेल्मा म्हणाली. "एव्हाना तुझे मासे लिहायला शिकले असते."

"तिला मी लबाड वाटेन."

"मग गप्प बसून साधू ठरणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी तो गुडघ्याला पट्टा बांधून नदीत उतरला. बारा मासे जाळीने धरले, बारा बाटलीने. व्हरांड्यातल्या टाकीत दोन दारं लावली आणि खाणं लाल दारामागे ठेवलं. आपल्याला हवं तेच दिसेल, ही धास्ती होती, म्हणून दोन्ही टोळ्या आळीपाळीने सोडल्या आणि कोणती कशाने धरली ते न सांगता मोजायला थेल्माला बसवलं. स्वतः आतबाहेर येरझाऱ्या घालत राहिला.

"बस रे जरा, मासे बुजतात," ती करवादली.

आठव्या दिवशी तिने कागद पुढे केला. "ही पहिली टोळी सुटल्या सुटल्या धावते, मिळेल त्या दारावर आपटते. दुसरी नटून निघणाऱ्या बायकांसारखी ताटकळत ठेवते. पण निघाली की सहसा चुकत नाही."

दुसरी टोळी जाळीची होती.

त्याने लिहिलं: 'ते मासे बाटलीचे होते. वहीत मी खोटं लिहिलं. बाटलीचे चटकन निवडतात, जाळीचे उशिरा पण बिनचूक. चोवीसच आहेत, तुम्ही स्वतः तपासा. तोवर छापू नका.' गुडघ्यांबद्दलचं वाक्य लिहून खोडलं. मग सगळं नव्याने उतरवलं.

अरिमाच्या टपाल कचेरीत तो रांगेतून दोनदा बाहेर पडला, दोनदा परत उभा राहिला.

"साधं की रजिस्टर?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"जूनच्या आत पोचेल ते."

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.