लाल काचेतून दिसलेले अंधूक तारे

मी एक म्हातारी लाल काच आहे, मित्रांनो, ताटलीएवढी गोल. भट्टीत तापले, चाकावर घासले गेले आणि मोठ्या दुर्बिणीच्या पोटात जाऊन बसले. माझ्यातून गाळल्याशिवाय एकही किरण कॅमेऱ्यापर्यंत जात नसे. एका ताऱ्याने तर मला डोळाही मारला होता. तारे लुकलुकतातच, असे तुम्ही म्हणाल. पण मारलेला डोळा आम्हाला कळतो.

दुर्बिणीवर एक ताई फुटणारे तारे टिपायची. अशा ताऱ्यांचा मूळ उजेड साधारण सारखाच. म्हणून जितका अंधूक, तितका लांब. त्यावरून विश्व किती वेगाने फुगते ते कळते. तिच्या बाबांनी उभा जन्म एकच गोष्ट मांडली होती : फार लांबवर गुरुत्वाकर्षण सैल पडते, म्हणून विश्व जास्त वेगाने फुगते. लोक हसायचे.

जवळचे तारे ताईने माझ्या तरुणपणी टिपले, लांबचे अलीकडे. लांबचे निघाले थेट बाबांच्या गणिताएवढे अंधूक. सगळ्यांनी माझे गोडवे गायले. मी मात्र चरकले. माझ्या अंगात दमटपणा शिरला होता, नजरेवर साय आली होती. पण सांगायला तोंड कुठे होते?

निकाल उद्या जाहीर व्हायचा होता. ताईने मला बाहेर काढून उजेडात धरले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, काच मंद वाटतेय. हिची कोरी जुळी कपाटात आहे. दोघींतून दिवा पाहू या?"

"माझ्या तोंडाशी आलेला घास खुपतोय का गं तुला?"

"तुमचा आहे, म्हणूनच विचारतेय."

बाबा म्हणाले, "लाव दिवा. गुरुत्वाकर्षणाला जन्मभर नावं ठेवली, काचेला कशाला सोडू?"

आधी माझी बहीण, मग मी. जीव मुठीत धरला. काचेला मूठ नसते, तरीही. पडद्यावरचा आकडा घसरला. मी उजेड खात होते. ताईने तेवढी तूट भरून पाहिली, तर लांबचे तारे जुन्याच, पुस्तकातल्या गणितावर जाऊन बसले.

बाबांनी चष्मा पुसला. मग मलाही पुसले.

"हरलो का गं?"

"या ताऱ्यांपुरते तरी."

"मग कोरी काच बसव. आणखी लांबचे बघू."

आता मी खणात असते. मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा, दमटपणापासून दूर ठेवा. आणि आम्ही तुम्हाला हवे तेच दाखवू लागलो, की सगळ्यात आधी आमच्यावर संशय घ्या.