न सांगता कळेल म्हणून

बालमित्रांनो, पवनीतल्या एका विणकराच्या घरामागे, पडवीत गंज खात पडलेला मी एक जुना कूलर आहे. माझ्या पंख्याचं एक पातं वाकलं आहे आणि टाकीला भोक पडलं आहे. आता मला कुणी हात लावला तरी पत्र्याचा भुगा सांडतो. दमलो आहे मी. पण मी ज्यांच्या खोलीत राहिलो, त्या दोघांची हकीकत तुम्हाला सांगायची राहिली आहे. तेवढी सांगतो.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी भंडाऱ्यातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा कापला, ठोकला, तीन बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या जाळ्या लावल्या, आत पंप बसवला. कोंढ्याच्या इश्वर नावाच्या धानशेती करणाऱ्या माणसाने मला विकत घेतलं. त्याच्या मुलीचं, कीर्तीचं लग्न होतं. तिच्या आंदणात मी पवनीला आलो.

कीर्तीचा नवरा अश्विन. त्याचं साड्यांचं दुकान होतं. त्याचे वडील मधुकरराव आणि आई सुमित्राबाई घरातच हातमाग चालवत. माझी जागा वरच्या खोलीच्या खिडकीत. त्या पहिल्या उन्हाळ्यात माझं फार कौतुक झालं. दुपारी दुकान बंद करून अश्विन घरी आला, की बादल्या भरभरून माझ्या टाकीत पाणी ओतायचा. कीर्तीने कधी सांगितलं नाही, तरी ओतायचा. ती पलंगावर बसून हसत बघायची. एकदा मैत्रिणीला फोनवर म्हणाली, “याईले काही सांगा नाही लागत वं. माझ्या मनातलं आपोआप समजते.”

तिथेच घोळ झाला. खरं प्रेम असलं की न सांगता कळतं, अशी तिची पक्की समजूत झाली. अश्विनचीही एक समजूत होती. प्रेमाच्या घरात आवाज चढत नाही, आणि चढला की ते घर मोडलंच. आपल्या आईवडिलांचं भांडण त्याने कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुकानात लगीनसराईची गर्दी वाढली. अश्विन दमून यायचा आणि पाणी विसरायचा. कीर्ती विसरायची नाही, पण सांगायचीही नाही. ती वाट बघायची. माझी टाकी आटायची, मी गरम वारा फेकत राहायचो, आणि दोघं त्या झळीत एकमेकांकडे पाठ करून पडायची. तिला वाटे, याला आता माझी पर्वा नाही. त्याला वाटे, ही रागावलेली दिसते, विचारलं तर भांडण होईल. शेवटी माझा पंप जळला. मिस्त्री म्हणाला, “याले कोरडा कायले चालवता?” अश्विनने पैसे देऊन नवा पंप बसवून घेतला. असे किती उन्हाळे गेले! मध्ये रेणू झाली, रांगली, चालायला लागली. खोलीत बोलणं व्हायचं ते तिच्याबद्दलच.

मग इश्वरचं हृदयाचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. बॅग भरताना कीर्ती म्हणाली, “तुमी दुकान सोडून कायले येता? मी अन् खुशाल पाहून घेऊ.” खुशाल तिचा भाऊ. अश्विन म्हणाला, “बरं. काही लागलं तर फोन कर.” तिने बॅगेची चेन अशी जोरात ओढली की ती तुटली. ती का तुटली, ते मला कळलं. पण मी कसा सांगणार?

इश्वर बरा झाला. कीर्ती मात्र नागपूरहून आली ती जवळजवळ मुकीच होऊन. काही महिन्यांनी रेणूला घेऊन माहेरी गेली आणि परत आली नाही.

ती आली ती थेट नवतप्यात, उन्हाळ्याच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, भर दुपारी, रेणू आणि खुशालबरोबर टेम्पो घेऊन. कपडे, भांडी आणि मला न्यायला. खुशाल मान खाली घालून म्हणाला, “भाऊजी, कूलर बाबानं देल्ला होता. नेतो.” अश्विनने पाना आणला आणि स्वतःच माझे नट सैल करू लागला. त्याचा हात घामाने घसरत होता.

सुमित्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “बायको सामान नेऊन राहिली अन् तू पाना धरून बसला? बोल ना तिच्यासंगं!”

“भांडून काय होते, आई? तू अन् बाबा कधी भांडले का?”

सुमित्राबाईंनी डोळे मोठे केले. “कधी भांडले? अरे, रोज भांडलो! माग चालू केला का भांडाचो. तुमाले ऐकू येऊ नये म्हणून. एकदा तर मी यायच्या हातातला मागाचा धोटा फेकला.”

जिन्यातून मधुकररावांचा आवाज आला, “आंगणात फेकला होता.”

अश्विनने पाना खाली ठेवला. लहानपणी मागाच्या ज्या खटखटीत त्याला शांत झोप लागायची, तिच्याआड काय चाललं होतं, ते त्याला आज समजत होतं. मग उठून तो साड्यांच्या घड्या घालणाऱ्या कीर्तीसमोर गेला.

“काहून चालली?”

“तुमाले मालूम नाही?”

“नाही.”

“इतके वर्षं संगं राहून मालूम नाही?”

“नाही मालूम!” तो ओरडला. त्या खोलीत मी त्याचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. रेणू रडू लागली. “सांगशील तवा मालूम होईल ना!”

कीर्तीच्या हातातली साडी सुटली. “बाबाचं आपरेशन चालू होतं अन् मी दिवसभर दवाखान्याच्या दरवाज्याकडे पाहून राहिली होती. तुमी आले नाही.”

“तूच म्हणली, येऊ नका!”

“म्हणली! तरी तुमी याले पाहिजे होतं!”

“मले वाटलं, तुले आपल्या माणसाइत राहाचं आहे. त्या रोजी दुकानात एका गिऱ्हाइकाले धड साडी नाही दाखवली मी. फोनकडेच पाहत होतो.”

“मंग तसं मले सांगतलं काहून नाही?” कीर्ती किंचाळली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून थांबली. मग पलंगावर बसली.

खुशालने दारातून विचारलं, “ताई, नेऊ का नको?”

“आजच्या रोज राहू दे,” ती म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवसापासून सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. ती राहिली. दोघं भांडू लागली, कधी वाईट भांडली. कीर्ती अजूनही कधी अबोला धरायची, अश्विन अजूनही कधी दुकानात पळायचा. पहिल्या वर्षाचं ते हसू मला पुन्हा दिसलं नाही. पण इश्वर वारला तेव्हा अश्विनने सरळ विचारलं, “तुझ्यासंगं किती दिवस राहू?” तीही सरळ म्हणाली, “तेरवीपर्यंत राहा.” तो राहिला.

पुढे खोलीत एसी आला आणि मी या पडवीत आलो. आज सकाळी भंगारवाला दारात उभा होता. कीर्ती म्हणत होती, देऊन टाका. अश्विन म्हणत होता, राहू दे, तुझ्या बाबाची आठवण आहे. “बाबा माझा, अन् आठवण तुमाले?” तिने आवाज चढवला. भंगारवाला कंटाळून निघून गेला. त्यांचा वाद अजून चालू आहे. माझं काय होईल, मला माहीत नाही.

आम्हा वस्तूंचं एक बरं असतं. टाकी आटली की आम्ही जळून जातो, मग मिस्त्री येतो आणि कारण शोधतो. माणूस आतून आटला तर बाहेरून कुणालाच दिसत नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमचं कुणी जिवाभावाचं असेल. त्याला तुमच्या मनातलं दिसत नसेल, तर ते त्याचं पाप समजू नका. तहान लागली तरी मला मागता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे. मागा.