पाच मिनिटं आणि एक दोरी

मित्रांनो, मला आता फार दमल्यासारखं वाटतं. मी एक जुनी रबरी होडी आहे. अंगावर सात ठिगळं आहेत.

कारखान्यात रबरी कापडाच्या दोन नळ्या चिकटवून मला घडवलं. मग दोन बहिणींनी मला घेतलं. थोरली निवृत्त शिक्षिका, धाकटी नर्स. त्यांच्या शिडाच्या नौकेला खोल पाणी लागतं. बेटांभोवती उथळ पाण्यात प्रवाळ असतं, म्हणून किनाऱ्यापर्यंत त्यांना मीच नेत असे. खारफुटीच्या मुळांमधून, धारदार प्रवाळावरून जात मी कितीतरी बेटं पाहिली. "हिच्यामुळे आपण बेटावर पाय ठेवतो," असं धाकटी म्हणायची. पण अंगावरचं मीठ काढायला मला गोड्या पाण्याने कधीच कोणी धुतलं नाही. उन्हाने जोड सैल झाले. डावी नळी रोज हवा जाऊन मऊ पडे आणि त्याबद्दल बोलणी मात्र मलाच बसत.

एका निर्जन बेटावर धाकटीने मला वाळूवर ओढलं.

"दोरी बांध गं," थोरली म्हणाली. "सुकलेल्या शेवाळाची रेघ वर आहे. भरतीचं पाणी तिथवर येतं."

"ताई, पाचच मिनिटं! ती काय पळून जातेय?"

पाच मिनिटांचा तास झाला. पाणी माझ्याखाली शिरलं, मी तरंगले, आणि जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याने मला बाहेर ढकललं. वल्ही, पिण्याच्या पाण्याचा कॅन, सगळं माझ्यातच होतं. मला थांबायचं होतं, पण थांबणार कशी?

"पळाली बघ तुझी!" थोरली ओरडली.

"ओरडू नकोस, पोहू दे मला."

"आणि बुडालीस, तर मी ओरडू कोणावर?"

धाकटी झेपावली. वारा जोराचा होता, मी तिच्या हाती लागले नसते. पण मऊ पडलेली डावी नळी पाण्यात बुडून फरफटत होती. त्या नळीनेच माझा वेग मोडला. धाकटीचा हात माझ्या कडेच्या दोरीवर पडला.

तिने मला ओढत किनाऱ्याला आणलं आणि आम्ही परतलो. नौकेवर पोचल्यावर थोरलीने मला गोड्या पाण्याने धुतलं, पहिल्यांदाच.

आता माझ्यात हवा टिकत नाही. मी डेकवर पालथी पडून असते. मित्रांनो, राबणाऱ्या वस्तूंना वेळेवर धुवा, सावलीत ठेवा. त्या बोलत नाहीत, फक्त मऊ पडत जातात.

रोज संध्याकाळी धाकटी येते. मी आता कुठेच जाणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी ती माझी दोरी कठड्याला बांधते आणि गाठ दोनदा ओढून पाहते.