सरजाबाईच्या दारातली मोटार

पांढरी मोटार पारासमोर उभी होती. दारं बंद, काचा वर, ड्रायव्हर लांब जाऊन विडी ओढत बसलेला. महाराजांनी कमरेच्या पिशवीत हात घातला, चिमूटभर भस्म हवेत उधळलं आणि म्हणाले, "उघड." खट्कन आवाज आला, दिवे लुकलुकले आणि चारी दारांची कुलपं आपोआप उघडली. किल्लीला कुणाचा हात लागला नव्हता. बायांनी कपाळं धुळीत टेकवली.

लोक त्यांना कुलूपमहाराज म्हणत. "माझ्या शब्दाला लोखंड उघडतं, मग तुमचं नशीब न्हाई उघडणार?" असं ते विचारत आणि उत्तराच्या आत ताट पुढं सरकवत. साल त्र्याण्णव. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव माणसं एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघत होती. अशा हवेत शहाणपण विकायला गिऱ्हाईक मिळत नाही, भीती मात्र हातोहात खपते.

मी तेव्हा पालमला जनावरांचा डॉक्टर होतो. जवळच्या या गावात माझं जाणं-येणं असे ते दिनकररावांच्या म्हशींमुळं. महाराजांचा शनिवारचा मुक्कामही त्यांच्याचकडं. दिनकररावांच्या घराला लागून सरजाबाईचं दोन खणांचं घर होतं. नवरा ऊसतोडीला गेला आणि तिकडंच वारला, तेव्हापासून बाई एकटी होती. महाराजांची मोटार शनिवारी तिच्या दारातच लागे.

एका शनिवारी संध्याकाळी त्या दारात मोटार उघडेना. महाराजांनी पुन्हा पुन्हा भस्म उधळलं, आवाज चढवला, पण कुलपं ढिम्म. मग ते डोळे मिटून गरकन फिरले आणि त्यांचं बोट सरजाबाईच्या दारावर थांबलं. "या घरात भानामती हाय," ते म्हणाले. तेवढ्यात गावातली लाईट गेली. महाराजांनी हात पिशवीत घातला आणि मोटार खट्कन उघडली. "बघा," ते अंधारात हळूच म्हणाले, "आता ती चरायला भाईर गेली."

त्या आठवड्यात सरजाबाईला कुणी हापशावर येऊ दिलं नाही. दिनकररावांचा नातू महिन्यापूर्वी काविळीनं गेला होता, तोही आता तिच्याच नावावर जमा झाला. पुढच्या शनिवारी तिनं ओलेत्यानं मोटारीपाशी उभं राहायचं असं ठरलं. दारं उघडली तर ती निर्दोष, नाही उघडली तर मुंडण करून गावाबाहेर काढायचं. आणि गावाबाहेर काढलेल्या बाईचं पुढं काय होतं, हे कुणी बोलत नव्हतं.

हे सगळं मला दिनकररावांच्या सालगड्यानं, भुजंगनं सांगितलं. ठरलेल्या शनिवारीच मी म्हशीसाठी तिथं गेलो होतो. बाहेर गल्ली गच्च भरली होती. ओल्या लुगड्यात सरजाबाई थरथरत उभी होती आणि कोतवाल मुंजाजीच्या हातात वस्तरा होता. मला सुद्धा भीती वाटली. या गर्दीला एकटा माणूस आवरत नाही.

मोटारीचं मला गूढ वाटत नव्हतं. दुबईहून आलेल्या माझ्या मेहुण्याच्या गाडीला असंच कुलूप होतं. काडेपेटीएवढी डबी, तिच्यावर बटन. बटन दाबलं की रेडिओसारख्या लहरी सुटतात आणि गाडीतलं यंत्र कुलूप उघडतं. महाराजांची डबी भस्माच्या पिशवीत होती, हे उघड होतं. पण नुसती डबी दाखवून बाई वाचणार नव्हती. मोटार उघडली नसती तर लोक म्हणाले असते, भानामतीनं डबीही बांधली.

जनावर बोलत नाही, म्हणून आम्ही विचारतो: दुखणं कधी येतं, कधी जातं? ही मोटार पारावर उघडते, इथं नाही. इथंही लाईट गेल्यावर उघडली. म्हणजे या जागी विजेवर चालणारं काहीतरी आडवं येत होतं. मी वर बघितलं. दिनकररावांच्या टीव्हीचा ॲन्टेना उंच बांबूवर, थेट सरजाबाईच्या छपरावर कललेला, आणि चित्र नीट दिसावं म्हणून त्याला नुकताच लहरी वाढवणारा बूस्टर लावलेला. बूस्टर बिघडला की लहरी पकडायच्या सोडून स्वतःच लहरी फेकू लागतो. त्या गोंगाटात डबीची हाक गाडीला ऐकूच जात नाही. मेहुण्याची गाडीही शेजाऱ्याच्या अशाच बूस्टरखाली अडली होती.

मी दिनकररावांना टीव्ही बंद करायला सांगितलं.

"आवाज तर बंदच हाय, डाक्टरसाब," ते म्हणाले. "म्हाराज आले की आमी आवाज ठेवत न्हाई. बाया नुसतं चित्र बघायल्यात."

असा त्यांचा आदर. शनिवारचा सिनेमा चुकवायचा नाही आणि महाराजांचा मानही मोडायचा नाही. मुक्या टीव्हीकडं कुणाचं लक्ष कशाला जाईल? मी प्लगच काढायला लावला, बाहेर आलो आणि सरजाबाईच्या शेजारी उभा राहिलो.

"म्हणा, महाराज."

महाराजांनी पिशवीत हात घातला. "उघड." मोटार उघडली. महाराजच दचकले. मी ओरडून प्लग लावायला सांगितलं आणि मोटार बंद करून पुन्हा म्हणायची विनंती केली. ते टाळू लागले, तेव्हा दिनकरराव स्वतः म्हणाले, "म्हणा की." कुलूप हललं नाही. प्लग काढला, उघडलं. मग मी त्यांच्या पिशवीत हात घालून भस्मानं माखलेली डबी वर धरली आणि सगळं उलगडून सांगितलं. संताप याचा आला की डबी का चालत नाही हे त्या माणसालाही ठाऊक नव्हतं. आपली लाज झाकायला जवळचं दार दिसलं, ते त्यानं दाखवलं.

मोटार पुन्हा बंद करून डबी मी सरजाबाईच्या हातात दिली. तिनं बटन दाबलं आणि मोटार उघडली.  मुंजाजीनं वस्तरा खाली ठेवला आणि तिच्या पायाशी वाकला. "माय, तुझ्यात बी हाय की शक्ती."

सरजाबाई वस्तऱ्याला भ्याली नव्हती इतकी या नमस्काराला भ्याली. मागं सरून ती म्हणाली, "पाया पडू नको, बाबा. आज पाया पडचाल, उद्या पुन्हा वस्तरा घेचाल. हे धर. तुज्या हातानं दाब."

मुंजाजीनं दाबलं. त्याच्याकडून दिनकररावांनी घेतली, मग गर्दीतल्या पारूबाईनं, मग आणखी कुणी. खट्, खट्, खट्. ज्याच्या त्याच्या बोटाला मोटार बंद होत होती, उघडत होती. महाराज मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्याकडं कुणी बघतही नव्हतं.

वाचकहो, माझं सांगणं एवढंच आहे. चमत्कार समोर आला की हात जोडण्याआधी तो आपल्या हातात मागा, आणि तो फसला की कुणाच्या दाराकडं बोट जातंय ते बघा. त्या संध्याकाळी कुणी मागितलं नसतं, तर सरजाबाई आज गावात नसती.